यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या खडकाचे वय

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅप या बेसाल्टी खडकाने व्यापलेला आहे. भूकवचातील भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचे थर थिजून तो बनला. कापसाची काळी जमीन त्याच्याच झिजेची. पूर्वेस वणीकडे त्याखालील अधिक जुने चुनखडक व दगडी कोळशाचे थर आढळतात. झरी-जामणी तालुक्यातील शिबला येथे २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात या खडकाचे षट्‌कोनी स्तंभ उघडे पडले.

हा खडक केव्हाचा, हा वाद शतकाहून अधिक काळ चालला. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणारे शंखशिंपले व वनस्पती यांचे जीवाश्म एवढाच पुरावा हाती होता. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी त्यावरून खडक इओसीन काळातील मानला. ब्लॅनफर्ड यांना तो क्रिटेशस वाटला. बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये तृतीय कल्पाचा पक्ष पुन्हा मांडला. तेच जीवाश्म दोन्ही पक्षांच्या कामी येत.

हा पेच किरणोत्सर्गामुळे सुटला. अणुकेंद्रीय भंजनास बहुधा न्यूट्रॉनाचा आघात लागतो, संघटनास ताऱ्यांच्या गाभ्यातील प्रचंड तापमान. किरणोत्सर्गी क्षय मात्र आपोआप होतो व खडकातील उष्णतेने वा दाबाने त्याचा वेग बदलत नाही. म्हणूनच त्याचा घड्याळासारखा उपयोग होतो. बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून खनिजांची वये काढली. बेसाल्टासाठी पुढे पोटॅशियम-४० उपयोगी पडले. त्याचा अर्धायुकाल (मूळ अणू निम्मे उरण्यास लागणारा काळ) सु. १२५ कोटी वर्षे असून क्षय पावणाऱ्या दर शंभर अणूंपैकी सु. ११ अणूंचे आर्‌गॉन-४० होते. वितळलेल्या लाव्ह्यातून आर्‌गॉन बहुतांशी निसटतो. थिजल्यावर तो साठू लागतो.

घड्याळ अचूक असले, तरी पेटी गळकी होती. कुजलेल्या खडकातून आर्‌गॉन निसटल्याने आरंभीच्या वयांत कोट्यवधी वर्षांची तफावत पडे. आर्‌गॉनच्या दोन समस्थानिकांची तुलना करणारी पद्धत १९६६ मध्ये पुढे आल्यावर हा दोष ओळखता येऊ लागला. कूर्तियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उद्रेकांचा मुख्य काळ क्रिटेशस व तृतीय कल्प यांच्या सीमेवरच आणून ठेवला. ही सीमा सु. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची असून डायनोसॉर याच सुमारास लुप्त झाले. दोन्ही पक्ष अर्धे बरोबर ठरले, असे म्हणावयास हरकत नाही. झिर्कॉन खनिजाच्या २०१५ मधील मापनानुसार मुख्य उद्रेक सीमेपूर्वी सु. अडीच लाख वर्षे सुरू झाले. मात्र हे नमुने पश्चिम घाटातील होत. यवतमाळच्या थरांना ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.