गडगडाटी वादळाची उंची

क्युम्युलोनिंबस ढगाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची. तिच्यावरून ढगातील ऊर्ध्वगामी प्रवाहाचा जोर, वादळाची तीव्रता व विमानांना असलेला धोका अजमावतात.

उंची व तीव्रता : दमट हवा वर चढताना बाष्पाचे सांद्रीभवन होते. त्यातून मुक्त झालेल्या सुप्त उष्णतेमुळे ती सभोवतालच्या हवेपेक्षा हलकी राहते व चढत जाते. क्षोभसीमेपाशी (क्षोभावरण व त्यावरील स्थितांबर यांच्या सीमेपाशी) ही चढण थांबते आणि ढग ऐरणीच्या आकारात आडवा पसरतो. प्रवाह फार जोरकस असल्यास तो क्षोभसीमा भेदून स्थितांबरात घुसतो. ऐरणीवर उठलेला असा घुमट उपग्रहचित्रात दिसणे हे तीव्र वादळाचे लक्षण होय. क्षोभसीमा विषुववृत्तालगत सु. 16–18 किमी., तर ध्रुवांजवळ सु. 8–9 किमी. उंचीवर असते. म्हणून 12 किमी. उंचीचा ढग उष्ण कटिबंधात नित्याचा, पण उच्च अक्षांशांत असाधारण ठरतो. पावसाच्या प्रमाणावरून मात्र उंची ठरत नाही. कोकणातील मुसळधार मोसमी पाऊस पुष्कळदा तुलनेने बुटक्या ढगांतून पडतो. विदर्भ-मराठवाड्यात गारपीट करणारे वळवाचे ढग बरेच उंच असतात.

विमानांना धोके : ढगाच्या मधल्या थरात अतिशीत जलबिंदू पंखांवर गोठतात, तेथेच गाराही वाढतात. ऐरणीखालच्या निरभ्र हवेतही गारा फेकल्या जातात. माथ्यावर व आजूबाजूला तीव्र खळबळ असते. प्रवासी विमाने बहुधा 30,000–40,000 फुटांवरून जातात. उष्ण कटिबंधातील माथे 50,000 फुटांपलीकडे जाऊ शकत असल्याने त्यांना वरून ओलांडता येत नाही. शिवाय माथ्यातील हिमस्फटिक रडारवर क्षीण दिसतात. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स 447 या विमानाच्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या 1 जून 2009 रोजी अटलांटिकवर 35,000 फुटांवर अशाच स्फटिकांनी तुंबल्या. वेगाची नोंद बिघडली, स्वयंचलित नियंत्रण सुटले, वैमानिकांच्या चुकीच्या प्रतिसादामुळे विमानाची उचल संपली आणि 228 जण मृत्युमुखी पडले. उलट, ढगाचा माथा कमी उंच असला तरी त्याखाली कोरडी हवा असल्यास जोरदार अधोगामी झोत निर्माण होऊन उतरणारे विमान जमिनीवर आदळू शकते.

दक्षता : माथा 35,000 फूट वा त्याहून उंच असलेले वादळ अत्यंत धोकादायक समजावे व तीव्र वादळापासून किमान 20 मैल दूर राहावे, असे अमेरिकेचे संघीय विमानवाहतूक प्रशासन सांगते. बुटके वादळ मात्र निर्धोक मानू नये.