हळ्ळी आणि वली

बेंगळुरूतलं जे. पी. नगर हे जयप्रकाश नारायणांचं नाव, तसं अलीकडचं. इथलं खरेदीखत उघडा: गाव जरगनहळ्ळी, होबळी उत्तरहळ्ळी, तालुका बेंगळुरू दक्षिण. होबळी म्हणजे तालुक्याखालचा महसुली गट, आपल्या मंडळासारखा. आणि हळ्ळी? जुन्या कन्नडमधल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. दूध ते ‘पाल्’, त्याचं हालु. वाघ तो ‘पुलि’, त्याचा हुलि. तशीच पळ्ळीची हळ्ळी. याच पळ्ळीशी नातं असलेल्या संस्कृतातल्या ‘पल्ली’ची आपल्याकडे वली झाली. म्हणजे डोंबिवली ही जे. पी. नगरातल्या पुट्टेनहळ्ळीची चुलतबहीणच की! गर्दीवरून ओळखायला हवं होतं म्हणा. जुन्या नावांसारखी जे. पी. नगरातली तळीही टिकून आहेत. 2015 साली प्रशासनाने सारक्की तळ्यातली अतिक्रमणं पाडली, तळं वाचलं. पुट्टेनहळ्ळीचं तळं तर रहिवासीच राखतात.