आयएसजी-१५ : एका युबिक्विटिनसदृश प्रथिनाच्या संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना :
पेशीतील प्रथिनांना खुणेप्रमाणे जोडले जाऊन त्यांचे भवितव्य ठरविणारे युबिक्विटिन हे प्रथिन १९७५ मध्ये गिडियन गोल्डस्टीन व सहकाऱ्यांनी उजेडात आणले. युबिक्विटिनद्वारे होणाऱ्या प्रथिनविघटनाच्या शोधाबद्दल सिचॅनोव्हर, हर्शको व रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच कुळातील आयएसजी-१५ चा इतिहास मात्र विषाणुसंशोधनातून घडला. या प्रथिनाविषयीची प्रारंभीची धारणा मानवी रुग्णांच्या अभ्यासाने कशी बदलली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शोधाचा क्रम :
विषाणूंचा संसर्ग झालेल्या पेशी इंटरफेरॉन स्रवतात व शेजारच्या पेशींना सावध करतात. आयझॅक्स व लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये इंटरफेरॉनचा शोध लावला. इंटरफेरॉन दिलेल्या पेशींत एक विशिष्ट प्रथिन साठते, असे १९७९ मध्ये आढळले. सुमारे १५ किलोडाल्टन वस्तुमानाच्या या प्रथिनाचे युबिक्विटिनशी असलेले साम्य १९८७ मध्ये हास व सहकाऱ्यांनी दाखविले. ते अन्य प्रथिनांना जोडले जाते, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. इन्फ्लुएन्झा-बी विषाणूचे एक प्रथिन ही जोडणी रोखते, असे २००१ मध्ये युआन व क्रुग यांनी दाखविले. आयएसजी-१५ नसलेले उंदीर इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूंना अधिक बळी पडतात, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. साहजिकच, हे प्रथिन म्हणजे विषाणूविरोधी अस्त्र, अशी धारणा दृढ झाली.

मानवी रोगांशी संबंध :
२०१२ मध्ये या प्रथिनाचा जन्मजात अभाव असलेल्या बालकांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांना विषाणूंचे गंभीर आजार नव्हते. क्षयप्रतिबंधक बीसीजी लशीतील एरवी निरुपद्रवी जीवाणूंनी मात्र त्यांना आजारी केले होते. पेशीबाहेर स्रवणारे आयएसजी-१५ हे गॅमा इंटरफेरॉनच्या निर्मितीस चालना देते. त्याअभावी जीवाणूंविरुद्धचा प्रतिकार दुबळा पडतो. २०१५ च्या अभ्यासात अशा रुग्णांच्या मेंदूत कॅल्शियमचे साठे आढळले. मानवी पेशीत मुक्त आयएसजी-१५ हे यूएसपी-१८ या प्रथिनास टिकवून धरते व यूएसपी-१८ इंटरफेरॉनच्या संदेशास आवर घालते. उंदरांत ही व्यवस्था आयएसजी-१५ वर अवलंबून नाही.

निष्कर्ष :
जुनी धारणा सर्वस्वी चुकीची नव्हती. कोविड-१९ च्या विषाणूचे एक विकर प्रथिनांवरील आयएसजी-१५ काढून टाकते, हे २०२० मध्ये दिसून आले. तथापि ती अपुरी होती. ज्या इंटरफेरॉनमुळे हे प्रथिन निर्माण होते, त्यालाच मानवात ते लगामही घालते. उंदरांवरील निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लावता येत नाहीत आणि मोजक्या रुग्णांचा काळजीपूर्वक अभ्यासही प्रस्थापित मत बदलू शकतो, हेच या इतिहासाचे सार होय.