शिल्ड्सने बदललेली स्प्रिंग

एअर रायफल म्हटलं की आपल्याला जत्रेतले फुगे आठवतात. पण १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने चक्क हवेवर चालणारी रायफल वापरायला घेतली होती. जिरार्दोनीची. दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती भरायला पंप सुमारे १५०० वेळा मारायचा, मग वीसेक गोळ्या भराभर, धूर न होता! गोम एकच, बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

मेरिवेदर लुईस क्लार्कबरोबर अमेरिकेच्या पश्चिमेला गेला तेव्हा त्याच्याकडे एक एअर रायफल होती. १० जून १८०५ ला तो डायरीत लिहितो, शिल्ड्सने तिची मुख्य स्प्रिंग नवी बसवली. हा जॉन शिल्ड्स कुणाच्या हाताखाली रीतसर शिकलेला नव्हता, हत्यारंही बहुतेक स्वतःच बनवायचा.

ती रायफल नेमकी कुठली, यावर पुढे खूप वाद झाला. बराच काळ फिलाडेल्फियाच्या लुकेन्सची एकबारी बंदूक मानली जायची. पण थॉमस रॉडनीच्या १८०३ च्या डायरीत २२ गोळ्यांचा उल्लेख सापडला, म्हणजे जिरार्दोनीच! मग रॉबर्ट बीमन यांनी एका जुन्या जिरार्दोनीवरच्या दुरुस्तीच्या खुणा लुईसच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यात बदललेली मुख्य स्प्रिंगही होती. हीच ती रायफल, असं त्यांचं म्हणणं.

मला यात मजा वाटते ती ही, की कोडसारखा धातूलाही चेंज लॉग असतो. तेव्हा मंडळी, आजोबांची एअरगन दुरुस्तीला देणार असाल तर आधी फोटो काढा, आणि काढलेला जुना पार्ट फेकू नका. तिची खरी माहिती कदाचित त्यातच असेल.