‘संकट’ या चिनी शब्दात खरंच ‘संधी’ दडली आहे का?

करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल : चिनी भाषेत ‘संकट’ दोन अक्षरांनी लिहितात, पहिल्याचा अर्थ धोका आणि दुसऱ्याचा संधी. जॉन एफ. केनेडींनी 1959 पासूनच्या भाषणांत ते वापरलं. अल गोर यांनी 2007 च्या नोबेल व्याख्यानात तेच सांगितलं. पण यातला निम्मा भागच बरोबर आहे.

शब्द आहे ‘वेइ-जी’. ‘वेइ’ म्हणजे धोका, यात वाद नाही. घोटाळा ‘जी’चा आहे.

‘जी’च्या डाव्या बाजूला ‘लाकूड’ दाखवणारं चिन्ह असतं आणि उजवा भाग उच्चार सुचवतो. लाकूड का? कारण जुन्या काळी हे अक्षर यंत्राच्या हलत्या भागासाठी होतं : क्रॉसबोचा खटका, कापड विणायचा माग. खटका दाबला की बाण सुटतो, मग मागे फिरणं नाही. त्यातूनच ‘निर्णायक क्षण’ हा अर्थ आला. आजही यंत्राचा अर्थ जोरात आहे. विमान म्हणजे ‘फेइ-जी’, उडणारं यंत्र. मोबाइल म्हणजे ‘शौ-जी’, हातातलं यंत्र.

‘संधी’साठी चिनी शब्द आहे ‘जी-हुइ’. त्यात ‘जी’ आहे, पण एकटा ‘जी’ म्हणजे संधी नव्हे. आपल्याकडचंच बघा. ‘संधिवात’ या शब्दात ‘संधी’ आहे, म्हणून गुडघेदुखीला कोणी सुसंधी म्हणत नाही! तिथे संधी म्हणजे सांधा. तसंच ‘वेइ-जी’ म्हणजे धोक्याचा निर्णायक क्षण, गोष्टी बिघडू शकतात अशी वेळ.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले चिनी भाषेचे अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी या गैरसमजावर सविस्तर लिहिलं आहे. त्यांचा आक्षेप फक्त व्याकरणाचा नाही. संकटात माणसाने आधी जपून राहायला हवं. तिथे ‘ही तर संधी’ म्हणत उडी मारायला सांगणारा सल्ला महागात पडू शकतो. नोकरी गेलेल्या माणसाला शिल्लक पैसे धंद्यात घालायला सांगताना तर या अक्षराची साक्ष मुळीच काढू नये.

गंमत म्हणजे आता चीनमध्येही ‘संकटात संधी’ अशी कोटी होते. करोनाच्या काळात ती सरकारी भाषणांतही होती. पण तिथल्या ऐकणाऱ्याला ती शब्दांवरची कोटी आहे हे कळतं. रोजच्या वापरात ‘वेइ-जी’ हा शब्द आर्थिक किंवा राजकीय संकटासाठीच येतो आणि तो ऐकून कोणी खूश होत नाही.