पाकिटातील कात्रणे

पालकहो, तुमच्या मुलाने स्वयंपाकघरातील टेबल चित्रांनी भरून ठेवले तर तुम्ही काय कराल? बहुतेक घरांत ओले फडके आणि पाठीत धपाटा एकदमच येतो. आमचे घरही याला अपवाद नव्हते. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील एका गरीब आईने मात्र निराळेच केले. तिने ती चित्रे पुसली नाहीत. त्यांवर घरातील चांगल्यापैकी कापड अंथरले आणि शेजारीण आली की ते उचलून ती मुलाची करामत दाखवू लागली.

या मुलाचे नाव जेकब एझ्रा कॅट्झ. जन्म ११ मार्च १९१६. आईवडील पोलंडमधून आलेले यहुदी निर्वासित. वडील बेंजामिन एका हॉटेलात वेटर होते. तुटपुंज्या मिळकतीत संसार रेटणाऱ्या या बापाला मुलाच्या चित्रकलेची धास्ती वाटे. चित्रकार उपाशी मरतात, हे ते त्याला वारंवार बजावत. पण कामावरून परतताना कधीतरी रंगाची एखादी नळीही आणत आणि म्हणत की, एका भुकेल्या चित्रकाराने वाडगाभर सुपाच्या मोबदल्यात ती देऊन टाकली. वस्तुतः त्या नळ्या त्यांनी स्वतःच विकत घेतलेल्या असत. रंगही द्यायचा आणि ताकीदही द्यायची! तोंडावर कौतुक केल्यास मूल बिघडेल, या समजुतीचे बाप आपल्याकडेही काही थोडेथोडके नाहीत.

जानेवारी १९३५ मध्ये, शाळेच्या पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी, बेंजामिन रस्त्यातच हृदयविकाराने कोसळले आणि मरण पावले. दुसऱ्या दिवशी मुलाला चित्रकलेचे पदक मिळायचे होते. देहाची ओळख पटविण्याचे काम त्याच्यावरच आले. वडिलांचे पाकीट उघडले, तर आत वर्तमानपत्रांतील जीर्ण कात्रणे घडी घालून ठेवलेली. त्याला मिळालेल्या बक्षिसांच्या त्या बातम्या होत्या. ज्या बापाने तोंडाने कधी शाबासकी दिली नाही, तो ती कात्रणे जवळ बाळगून फिरत होता, हे मुलाला अशा वेळी कळले. पालकहो, माझ्या मते या हकिकतीतील दुःखाचा भाग मरणापेक्षा हाच आहे.

एझ्राला कलाशाळांच्या तीन शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या. पण घराला हातभार लावणे भाग होते आणि त्या तशाच राहिल्या. मंदीच्या त्या काळात त्याने सरकारी योजनेत भित्तिचित्रांचे काम केले. पुढे 'कॅप्टन मार्व्हल'सारख्या चित्रमालिकांतील मागची दृश्ये रंगविली. महायुद्धात सैन्यासाठी शत्रूच्या नजरेला चकविणारे रंगपट्टे तयार केले. युद्धानंतर नोकरीच्या बाजारात यहुदी नावाचा अडथळा जाणवू लागला, तेव्हा १९४७ साली त्याने कायद्याने नाव बदलून एझ्रा जॅक कीट्स केले. माणसाला पोटासाठी स्वतःचे नाव झाकावे लागते, तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे आपल्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

१९५४ पासून कीट्स इतरांनी लिहिलेल्या बालपुस्तकांसाठी चित्रे काढू लागले. हाताखालून पुस्तकांमागून पुस्तके गेली, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. गोष्टीचा नायक कधीच कृष्णवर्णीय मूल नसे. असलेच तर ते कोठेतरी मागे, गर्दीत. त्यांच्या भिंतीवर १९४० साली 'लाइफ' साप्ताहिकातून कापलेली एका लहान कृष्णवर्णीय मुलाची चार छायाचित्रे होती. रक्ततपासणीसाठी सुई टोचून घ्यायला निघालेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावरील बदलते भाव त्यांना इतके आवडले होते की, ती त्यांनी वर्षानुवर्षे जपली. बावीस वर्षांनी तो मुलगा पीटर बनून 'द स्नोई डे' या पुस्तकात अवतरला.

गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. पीटर सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेले असते. लाल टोपडे-अंगरखा चढवून तो बाहेर जातो, पावलांचे ठसे उमटवितो, काठीने झाडावरचे बर्फ पाडतो, आणि उद्यासाठी म्हणून एक गोळा खिशात घालून घरी आणतो. तो अर्थातच वितळतो. वर्णाविषयी पुस्तकात एक शब्दही नाही. तो फक्त चित्रांत दिसतो.

विद्यार्थी मित्रांनो, ही चित्रे कशी केली तेही ऐका. आईचा झगा कपाटात अंथरायच्या मेणकापडाचा, पलंगावरील चादर चित्रकाराच्या कॅनव्हासची. खोडरबर कापून त्याचे ठसे बनविले आणि रंगात बुडवून हिमकण उमटविले. रात्रीच्या करड्या पानासाठी दात घासायच्या ब्रशाने शाईचे शिंतोडे उडविले. हे सारे साहित्य तुमच्या घरी मिळण्यासारखे आहे.

१९६३ साली या पुस्तकास अमेरिकेतील चित्रपुस्तकांसाठीचे मानाचे कॅल्डिकॉट पदक मिळाले. पण टीकाही झाली. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या विदुषीने 'सॅटरडे रिव्ह्यू'मध्ये तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तकांचा हिशेब मांडला. कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तके अवघी ३४९ निघाली. याच लेखात त्यांनी पीटरचा वर्ण शब्दांत का सांगितला नाही, म्हणून कीट्सनाही धारेवर धरले. त्यांचा हिशेब अगदी रास्त होता. या आक्षेपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. गोऱ्या मुलाच्या गोष्टीत 'हा गोरा आहे' असे कोण लिहितो? पीटरला बर्फात खेळण्यासाठी कारण का द्यावे लागावे?

कीट्सनी पीटरला पुढील पुस्तकांतून वाढू दिले. त्याला बहीण आली, तो शीळ घालायला शिकला. ६ मे १९८३ रोजी कीट्स वारले. स्वतःचे मूलबाळ त्यांना नव्हते. २०१७ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने पीटरची तिकिटे काढली. २०२० साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या सव्वाशे वर्षांतील सर्वाधिक वेळा घरी नेलेली पुस्तके जाहीर केली. त्यांत 'द स्नोई डे' पहिले आले, ४,८५,५८३ वेळा.

यापेक्षा कीट्सना मोठी वाटावी अशी एक पावती त्यांच्या हयातीतच आली होती. एका शिक्षिकेने पत्र लिहून कळविले होते की, तिच्या वर्गातील कृष्णवर्णीय मुले आजवर स्वतःचे चित्र काढताना गुलाबी खडू घेत असत. पुस्तक वाचून झाल्यावर त्यांनी तपकिरी खडू उचलला.