मॉर्नचा डोंगर आणि नकाशाची नवी दृष्टी

इ. स. १७५३ मध्ये लाकाय नामक फ्रेंच ज्योतिर्विद आपल्या या बेटावर आला व त्रिकोणमितीच्या साह्याने त्याने येथील भूमीची मोजणी केली. पुढे १७९७ साली लिझले जोफ्रुआ याचा नकाशा प्रसिद्ध झाला. या विद्वानाची माता गुलामगिरीतून मुक्त झालेली आफ्रिकन स्त्री होती, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असतो. कारण पाठ्यपुस्तके वाचून मुलांना वाटते की, नकाशे काढणारे सारेच साहेब होते.

नकाशा ज्याच्या कामासाठी काढावा, त्याच्याच नजरेने तो भूमीकडे पाहतो. वसाहतकाळातील नकाशांत बंदरे, किल्ले, मळे व गिरण्या ठळक दिसतात. मजुरांच्या झोपड्यांच्या रांगा मात्र क्वचितच. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर येथे उतरले. त्यानंतर सुमारे साडेचार लाख माणसे आली. आपले पूर्वज मुंबई बंदरातून आले. त्यांची नावे, वये व क्रमांक नोंदवहीत उतरले. पण त्यांची विहीर कोठे होती, देवाचा दगड कोणत्या झाडाखाली होता, हे कोणी लिहून ठेवले?

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. २०१९ साली सुमारे तेरा लाख ऐंशी हजार पर्यटक येथे आले, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येहून अधिक! त्यांच्यासाठी कोठे बांधावे व कोठे बांधू नये, हे आता संगणकावरील नकाशे पाहून ठरू शकते. या नकाशात भूमीची जणू बारीक जाळी विणलेली असते व प्रत्येक चौकटीला तिची उंची दिलेली असते. त्यावरून डोंगर पडद्यावर उभा राहतो. उतार किती, पावसाचे पाणी कोठून वाहील, कोणती पाऊलवाट धुपेल, हे सारे काढता येते. सर्वांत उपयुक्त गोष्ट ही की, अमुक ठिकाणी तीन मजली इमारत उठली तर ती कोठकोठून दिसेल, हे पाया खणण्यापूर्वीच कळते.

मॉर्नचेच उदाहरण घ्या. ५५६ मीटर उंचीच्या या डोंगराच्या गुहांत व माथ्यावर पळून आलेल्या गुलामांनी आसरा घेतला होता. २००८ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. मूळ क्षेत्र सुमारे ३४९ हेक्टर. भोवतीचे संरक्षक क्षेत्र त्याच्या जवळजवळ सातपट. एवढा विस्तार कशाला, असे कोणी विचारील. पण त्या डोंगराचे माहात्म्य त्याच्या दर्शनात आहे. पायथ्याशी हॉटेले आहेतच. उद्या उतारावरही बंगले चढले, तर ते दर्शन कसे उरणार?

आपला आप्रवासी घाट २००६ साली याच यादीत आला. त्याचे क्षेत्र एक हेक्टरच्या पंचमांशाहूनही कमी आहे! घाट रक्षिला गेला, मॉर्न रक्षिला गेला. या दोहोंमधील उसाच्या मुलुखात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या खुणांचे काय? गिरणीचे धुराडे जपले जाते, कॅम्प मात्र नांगराखाली जातो. शेतात रचलेले काळ्या दगडांचे ढीग आपण सर्वांनी पाहिले आहेत. माझे आजोबा त्यांतील एका ढिगाकडे बोट दाखवून म्हणत, “हा आमच्या पाठीवरून आला.” २००० साली अवकाशयानाने रडारद्वारे पृथ्वीच्या उंचीची मोजणी केली. तिच्या एका चौकटीची बाजू सुमारे तीस मीटर आहे. तीत असा ढीग कोठे दिसायचा? ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांतून तो उमटेल खरा. परंतु तो कोणी रचला, हे यंत्र सांगणार नाही. आणि ज्याला नाव नाही ती जागा नियोजनकाराच्या पडद्यावर मोकळीच दिसते.

म्हणून या अंकाच्या वाचकांना एक विनंती आहे. ज्या घरी ऐंशीच्या पुढची आजी अथवा आजोबा असतील, त्यांनी येत्या सुट्टीत त्यांना जुन्या कॅम्पाच्या जागी घेऊन जावे. विहीर, देवस्थान, आंब्याचे झाड, जे दाखवतील तेथे उभे राहून भ्रमणध्वनीवर अक्षांश-रेखांश टिपावेत व त्यांनी सांगितलेले नाव, त्यांच्याच उच्चाराप्रमाणे, शेजारी लिहावे. माझ्या वर्गातील मुलांनी या कामास आरंभ केला आहे. त्यांच्या यादीत आतापर्यंत नऊ जागा झाल्या. त्यांपैकी दोन ठिकाणी बांधकामाचे कुंपण पडलेले आहे.